‘दत्त’ शब्दाची देवघेव



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या मंदिरात ‘दत्त’ हे दोन अक्षरी नाव दिवसातून किती वेळा उच्चारले जाते त्याला गणती नाही. पारायण, पालखी, आरती, नामस्मरण, सगळीकडे तोच शब्द. पण या शब्दाचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर आपण चटकन मूर्तीचे वर्णन करू लागतो : तीन शिरे, सहा हात, गाय, श्वान, औदुंबर. ते वर्णन देवाचे झाले. शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागतो, आणि तो सांगताना थोडे व्याकरण येतेच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. संस्कृतचा अभ्यास निवृत्तीनंतरचा, तोही शब्दकोश मांडीवर घेऊन केलेला. तरीपण आयुष्यभर देण्याघेण्याचीच खाती लिहिली असल्यामुळे या शब्दाशी माझे जरा जास्त जमते. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’. बस्, एवढाच अर्थ. मूळ धातू ‘दा’, म्हणजे देणे. त्याला भूतकाळाचा ‘त’ लागून हे रूप झाले. मात्र हे रूप सरळ नाही. ‘स्था’चे ‘स्थित’ होते, ‘पा’चे ‘पीत’ होते, ‘धा’चे ‘हित’ होते. त्या चालीवर ‘दा’चे ‘दात’ किंवा ‘दित’ व्हायला हवे होते. पण संस्कृतात तसे होत नाही. पाणिनीने यासाठी खास नियम केला आहे, की पुढे त आला तर ‘दा’च्या जागी ‘दद्’ घ्यावा. दद् अधिक त, झाले दत्त. ‘ददाति’ या रूपात ‘द’ दोनदा येतो, ती द्विरुक्ती इथेही टिकली. म्हणजे आपण ‘दत्त’ म्हणतो तेव्हा ‘दे’ हा धातू त्यात दोनदा भरलेला असतो.

मग देवाला ‘दिलेला’ हे नाव का? गुरुचरित्रातली अनसूयेची कथा आपल्याला पाठ आहे. तीन देव अतिथी होऊन आले आणि तिच्या सामर्थ्याने बाळे झाले. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात मात्र नावाचा उलगडा थोडक्यात केला आहे. अत्रिऋषींनी अपत्याची इच्छा धरली, तेव्हा भगवंत संतुष्ट होऊन म्हणाले की मी स्वतःलाच तुला दिले आहे. म्हणून तो दत्त. आता हिशेबाच्या दृष्टीने पाहा. देणारा कोण? देव. दिले काय? तेही देवच. घेणारा तेवढा अत्रि. साध्या वाक्यात कर्ता एक असतो आणि कर्म दुसरे. ‘रामाने पुस्तक दिले’ या वाक्यात राम म्हणजे पुस्तक नव्हे. या नावात दोन्ही एकच. असे दुसरे देवाचे नाव मला तरी आठवत नाही.

‘दत्तात्रेय’ हा पूर्ण शब्द दत्त आणि आत्रेय या दोहोंचा. ‘आत्रेय’ म्हणजे अत्रीचा मुलगा. जसा कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय. दत्त मधला अ आणि आत्रेय मधला आ मिळून एकच आ होतो. पुष्कळ जण ‘दत्ता’ आणि ‘त्रेय’ अशी फोड करतात आणि ‘त्रेय’ म्हणजे तीन, म्हणून त्रिमुखी, असे सांगतात. ऐकायला ते बरे वाटते, पण ‘त्रेय’ असा तीन या अर्थाचा शब्दच संस्कृतात नाही; आहे तो ‘त्रय’. या चुकीच्या फोडीमुळेच ‘दत्तात्रय’ असे लिहिण्याची पद्धत पडली असावी. बँकेत नमुना सह्यांची कार्डे लावताना दहातली सहा-सात ‘दत्तात्रय’ अशीच निघत. ज्याचे नाव तसे नोंदले गेले त्याने आता बदलू नये, त्याचे कागदपत्र अडतील. पण देवाचे नाव लिहिताना मात्रा विसरू नये, एवढेच.

नुसते ‘दत्त’ म्हटले तर अर्धवट नाव झाले का? तसे नाही. नावातला अर्धा भाग गाळून हाक मारायची सवय फार जुनी आहे. सत्यभामेला नुसते ‘भामा’ म्हणतात, तसे देवदत्ताला नुसते ‘दत्त’ म्हटले तरी चालते, हे उदाहरण पतंजलीच्या महाभाष्यात आहे. हा देवदत्त म्हणजे संस्कृत व्याकरणातला सार्वजनिक माणूस. आपल्याकडे फॉर्म कसा भरावा याच्या नमुन्यात जसे एखादे ठरलेले नाव असते, तसा व्याकरणाच्या प्रत्येक उदाहरणात देवदत्त जातो, देवदत्त जेवतो, देवदत्त भात शिजवतो. अर्जुनाच्या शंखाचे नावही देवदत्त, आणि बुद्धाच्या चुलतभावाचेही. मुलगा झाला की ‘देवाने दिला’ म्हणणारे आईबाप सगळ्या काळात होते, त्याची ही खूण.

आता या शब्दाची दुसरी बाजू. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो. ‘दत्त’ याचा अर्थ ‘दिलेला’ एवढाच नाही. हेच रूप आज्ञार्थातही आहे. एकाला सांगायचे तर ‘देहि’, म्हणजे तू दे. दोघांना ‘दत्तम्’. आणि तिघांना किंवा अधिकांना सांगायचे असेल तर ‘दत्त’, म्हणजे ‘तुम्ही द्या’. अक्षर न अक्षर तेच. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रजापतीची कथा आहे. देव, माणसे आणि असुर ही तिन्ही त्याचीच लेकरे उपदेश मागायला आली. प्रजापतीने प्रत्येकाला एकच अक्षर सांगितले : द. देवांनी त्याचा अर्थ ‘दाम्यत’ घेतला, म्हणजे मन आवरा. असुरांनी ‘दयध्वम्’ घेतला, म्हणजे दया करा. आणि माणसांनी? ‘दत्त’, म्हणजे द्या. ज्याला ज्याची उणीव त्याने तो अर्थ घेतला. माणूस लोभी, म्हणून त्याच्या वाट्याला ‘द्या’ आले. टी. एस. एलियट या इंग्रजी कवीने १९२२ साली लिहिलेल्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घ कवितेच्या शेवटच्या भागात हे तिन्ही संस्कृत शब्द जसेच्या तसे वापरले आहेत. उपनिषदातला क्रम त्याने बदलला आणि ‘दत्त’ पहिला घेतला.

म्हणजे आपण टाळ्या वाजवत नाव घेतो, तेव्हा ‘देवाने दिलेला’ असे म्हणत असतो आणि त्याच तोंडाने सगळ्या जमलेल्यांना ‘द्या’ असेही सांगत असतो. उपनिषदातला तो शब्द दत्तप्रभूंचे नाव आहे असे मी म्हणत नाही. तिथे ते क्रियापदच आहे. पण रूप एक आहे ते आहेच.

या ‘दा’ धातूचे नातेवाईक फार लांबवर पसरले आहेत. लॅटिन भाषेत देणे म्हणजे ‘दारे’, आणि दिलेले म्हणजे ‘दातुम्’. ग्रीकमध्ये ‘दिदोमि’, मी देतो. इथेही आपल्या ‘ददामि’सारखी द्विरुक्ती. रशियनमध्ये ‘दात्’, फारसीत ‘दादन’, सिंहलीत ‘देनवा’, बंगालीत ‘दाओ’. लॅटिन ‘दातुम्’चे अनेकवचन ‘दाता’, तोच आजचा डेटा. गणितात जे ‘दिलेले आहे’ ते. युक्लिडचे या नावाचे एक पुस्तकच आहे. मराठीत काही जण त्याला ‘विदा’ म्हणतात, तो ‘विद्’ म्हणजे जाणणे यावरून केलेला वेगळा शब्द. कॅलेंडरातली ‘डेट’ हीसुद्धा यातलीच. रोमन लोक पत्राच्या शेवटी ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ असे लिहीत, त्या ‘दिले’चा अर्थ पुढे तारीख असा झाला. डॉक्टर देतात तो ‘डोस’ ग्रीकमधून आला, त्याचाही अर्थ मूळचा ‘देणे’ एवढाच.

यावरून मोबाइलवर एक संदेश दरवर्षी फिरतो, की ‘दत्त’ या आपल्या शब्दावरून इंग्रजांनी ‘डेटा’ घेतला. प्रवचनातही मी हे ऐकले आहे. माझे मत स्पष्ट आहे, असे सांगू नये. संस्कृत आणि लॅटिन या बहिणी; दोघींची आई त्यांच्याही आधीची. चुलतभावंडांची चेहरेपट्टी जुळली म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही. देवाचे मोठेपण असल्या पुराव्यावर उभे नाही, आणि उद्या नातवाने शाळेतून येऊन ‘आजोबा, हे खोटं आहे’ म्हटले तर आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल.

त्यापेक्षा खरी गोष्ट सांगावी, ती जास्त गोड आहे. रशिया, पोलंड, बल्गेरिया या भागांत ‘बोगदान’ हे नाव आढळते. ‘बोग’ म्हणजे देव, तो आपल्या ‘भग’ शब्दाचा नातलग. ‘भगवान’ मधला भग. ‘दान’ म्हणजे दिलेला. म्हणजे बोगदान याचे संस्कृत भाषांतर करायचे तर ‘भगदत्त’ होईल, आणि हत्तीवरून लढणारा प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त आपल्या महाभारतात आहेच. ग्रीकांचा थिओडोटस, ख्रिस्ती संत ऑगस्टीन यांचा मुलगा अडिओडाटस, इराणातला मिथ्रदात, मुसलमानांतला खुदादाद, सगळी नावे देवदत्ताच्या घरची. बगदाद शहराचे नावही ‘देवाने दिलेले’ असेच असल्याचे पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्यू लोकांत ‘नाथान’ म्हणजे ‘त्याने दिला’. हिब्रू भाषेचे घराणे अगदी वेगळे, शब्दाचे नाते काहीच नाही, तरी आईबापांच्या मनातली गोष्ट तीच.

उलट काही शब्द दिसतात नात्यातले, पण नसतात. ‘रक्कम अदा केली’ असे आम्ही रोज लिहीत असू. हा ‘अदा’ अरबी आहे, ‘दा’शी त्याचा संबंध नाही. ‘दाद मागणे’ मधला ‘दाद’ फारसी; त्याचा अर्थ न्याय, आणि तो ‘धा’ म्हणजे ठेवणे, घालून देणे या धातूच्या घरचा. फारसीत ‘ध’चा ‘द’ झाला, म्हणून दोन्ही सारखे दिसू लागले. ‘देव’ हा शब्दसुद्धा देण्यावरून नाही, चकाकण्यावरून आहे. ‘दिव्य’, ‘दिवस’ मधला दिव्. यास्काचार्यांनी निरुक्तात ‘देतो तो देव’ असाही एक अर्थ दिला आहे, तो भक्ताला पटणारा आहे, पण आजचे अभ्यासक चकाकण्याचा अर्थच धरतात.

आणि ज्याचे नाते कोणाच्या लक्षात येत नाही तो शब्द म्हणजे आमचा ‘क्रेडिट’. लॅटिन ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. संस्कृतातल्या ‘श्रद्धा’ शब्दाचे हे सख्खे भावंड आहे. श्रद् म्हणजे हृदयाशी संबंधित, धा म्हणजे ठेवणे. छत्तीस वर्षे मी खतावणीच्या उजव्या बाजूला क्रेडिट लिहिले, म्हणजे श्रद्धा लिहिली म्हणायची. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांना मी हे निवृत्तीनंतर सांगितले, तर ते म्हणाले, “मग कर्ज थकले त्याला काय म्हणायचे, अश्रद्धा?” असो.

आपला ‘संप्रदाय’ हा शब्दही याच धातूचा. सम्, प्र आणि दा. नीट, पुढे देणे. गुरूने शिष्याला दिले, त्याने त्याच्या शिष्याला. इंग्रजीतला ‘ट्रॅडिशन’ अगदी याच रीतीने बनला आहे : लॅटिन ‘त्रान्स’ म्हणजे पलीकडे, आणि ‘दारे’ म्हणजे देणे. गंमत अशी की त्याच लॅटिन शब्दावरून इंग्रजीत ‘ट्रेटर’, म्हणजे फितूर, हाही शब्द आला. पलीकडे देणे हे दोन प्रकारचे असते, शिष्याच्या हाती विद्या देणे आणि शत्रूच्या हाती आपला माणूस देणे.

‘दा’च्या आधी ‘आ’ लागला की अर्थ उलटतो. दान म्हणजे देणे, आदान म्हणजे घेणे. आणि स्वरान्त उपसर्ग लागला की ‘दत्त’ आक्रसून नुसता ‘त्त’ उरतो, हाही पाणिनीचाच नियम. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘उपात्त’ हा शब्द आपल्याकडून म्हणवून घेतात. तो उप, आ आणि त्त असा आहे. अर्थ, मी जमवलेली, माझ्याकडे घेतलेली पापे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाचे उघडलेले मुख सांगताना ‘व्यात्त’ येते, त्यातही हाच लपलेला आहे. एवढासा ‘त्त’, पण दा आपला आहेच.

आता विभक्ती. ज्याला द्यायचे त्याला संस्कृतात संप्रदान म्हणतात आणि त्याची चतुर्थी करतात. लॅटिन व्याकरणकारांनीही या विभक्तीला ‘देण्याची विभक्ती’ असेच नाव दिले. आपण ‘दत्तात्रेयाय नमः’ म्हणतो तीही चतुर्थी, नमस्कार देवाला द्यायचा म्हणून. पण जुन्या वैयाकरणांनी इथे एक बारीक भेद केला आहे, आणि आपल्या वयाच्या लोकांनी तो जरूर समजून घ्यावा. धोब्याला कपडे देतो, तिथे चतुर्थी करू नये, षष्ठी करावी, असे ते म्हणतात. का? तर ते देणे खरे देणे नव्हे. कपडे परत यायचे आहेत, मालकी आपलीच आहे. संप्रदान म्हणजे नीट आणि पुरते दिलेले. दानाची शास्त्रातली व्याख्याही हीच, की वस्तूवरचा आपला हक्क संपला पाहिजे आणि दुसऱ्याचा हक्क सुरू झाला पाहिजे. होमात आहुती टाकताना ‘न मम’ म्हणतात ते याचसाठी. मराठीने हा भेद ठेवला नाही. धोब्याला दिले, देवाला दिले, दोन्हीकडे ‘ला’च.

हा भेद बँकेच्या काउंटरवर रोज दिसे. ‘मी नॉमिनी लावलाय ना, म्हणजे पैसे धाकट्याला दिले,’ असे कितीतरी ज्येष्ठ खातेदार समाधानाने सांगत. नॉमिनीला बँक पैसे हाती देते, ते बँकेची जबाबदारी संपावी म्हणून. ते कोणाच्या मालकीचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. वैयाकरणांच्या भाषेत नॉमिनी म्हणजे धोबी. कपडे त्याच्या हातात, पण त्याचे नव्हेत. याच्या उलट, नोंदणी करून राहते घर बक्षीसपत्राने देऊन टाकले की तिथे ‘न मम’ झाले. मग उद्या सुनेशी पटले नाही म्हणून ते मागता येत नाही. निदान सहज येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ च्या कायद्यात एक वाट ठेवली आहे, पण सांभाळ करण्याची अट घालून दिले असेल तर. तेव्हा सही करण्याआधी आपण षष्ठीने देत आहोत की चतुर्थीने, एवढे मनाशी विचारावे.

‘दत्तक’ या शब्दाकडे येतो. दत्त या शब्दाला ‘क’ लागला. गाणगापूर, कुरवपूरच्या वाटेवर कानडी मुलखात दत्तक घेण्याला ‘दत्तु’ म्हणतात, पीठापूरकडे तेलुगूत ‘दत्तत’. शब्द मूळचा ‘दिलेला’, आणि तिन्ही भाषांत पुढे क्रियापद ‘घेणे’. १९५६ च्या कायद्याने दत्तहोमाची सक्ती ठेवली नाही, पण मूल प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे झालेच पाहिजे, अशी अट ठेवली. नुसता कागद पुरत नाही.

माझे धाकटे काका सहाव्या वर्षी नात्यातल्याच एका घरी दत्तक गेले. इथे माझ्या लिहिण्यातच पाहा, मी ‘गेले’ लिहिले. आमच्या घरात सगळे तसेच म्हणत. ज्या घरी गेले तिथे म्हणत, ‘घेतला’. ‘दिला’ हा शब्द फक्त दत्तकपत्रात होता. आजी तर ‘दत्तक’ हाही शब्द उच्चारत नसे. कोणी मुले किती विचारले तर ती सांगे, “पाच. एक तिकडे असतो.” आजोबा वारले तेव्हा काका दहाव्याला घाटावर आले होते. विधी मोठ्या काकांनी केला. पिंड देण्याचा अधिकार आता त्यांचा नव्हता, तो दुसऱ्या घरच्या वडिलांसाठी होता. ते धोतर नेसून बाजूला हात जोडून उभे राहिले. आजीने त्या दिवशी मला विचारले होते, “त्याला जेवायला वाढलं का रे नीट?” मी तेव्हा कॉलेजात होतो. संप्रदान, स्वत्वनिवृत्ती हे शब्द मला माहीत नव्हते. आजीने आपला मुलगा चतुर्थीनेच दिला होता, आणि तो शब्द तोंडात न येऊ देता.

मुलीच्या बाबतीत मात्र आपण खुशाल ‘दिली’ म्हणतो. ‘थोरली कुठे दिली?’ ‘मिरजेला दिली.’ हा प्रयोग मी तरी आता करत नाही. शास्त्र मानणाऱ्यांसाठी सांगतो, पूर्वमीमांसेत विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. त्यात यजमानाने आपले सर्वस्व द्यायचे असते. मग आईबाप आणि मुलेही ‘आपली’, तीही द्यायची का? निर्णय असा, की नाही. ज्याच्यावर मालकी असते तेच देता येते, आणि माणसावर ती नसते.

द्रविड भाषांत ‘देणे’ वेगळ्याच शब्दांनी बोलतात. कन्नडमध्ये ‘कोडु’, तेलुगूमध्ये ‘इव्वु’. तमिळचे ‘ता’ आपल्या ‘दा’सारखे वाटते, पण नात्यातले नव्हे. तोल्काप्पियम् या तमिळच्या प्राचीन व्याकरणग्रंथात मागण्याचे तीन शब्द सांगितले आहेत. लहानाने मोठ्याकडे मागताना ‘ई’ म्हणावे, बरोबरीच्याने ‘ता’, आणि मोठ्याने लहानाकडे मागताना ‘कोडु’. भिक्षेकऱ्याने कोणता वापरावा हे उघड आहे. पण आपले दैवत दुपारची भिक्षा करवीरात मागते आणि निद्रा माहूरगडावर घेते, असे आपण मानतो. देव दारात ‘भिक्षां देहि’ म्हणून उभा, तर तो मोठा की लहान? गिरनारला जाणाऱ्यांना ‘आपो’ ऐकू येते. तो गुजराती शब्द ‘अर्पण’च्या घरचा. पण जुने ‘दीधुं’ तिथेही आहे, आणि आपल्या जुन्या मराठीतही ‘दिधले’ आहे.

मराठीतला ‘दे’ तर फारच कामाचा गडी. ‘पैसे दे’ हा एक. ‘लिहून दे’ मध्ये दुसऱ्यासाठी करणे आहे. ‘फेकून दे’, ‘सोडून दे’ यात कोणाला काही मिळत नाही, फक्त काम पुरते संपते. आणि ‘जाऊ दे’, ‘बघू दे’ यात परवानगी. रशियन माणूसही ‘बघू दे’ म्हणताना देण्याचेच क्रियापद वापरतो, ‘दाय’. प्रार्थनेत आपण दत्तात्रेयाला ‘दे’ म्हणतो, पण नृसिंहसरस्वतींना, स्वामी समर्थांना ‘महाराज, द्या’. देव एकेरी, गुरू आदरार्थी. हे कोणी शिकवलेले नाही, जिभेला आपोआप येते.

‘देणं’ हे नामही असेच दुहेरी. गळा चांगला असला की ‘देवाचं देणं आहे’ म्हणतो, आणि ‘माझ्या डोक्यावर देणं आहे’ म्हटले की कर्ज. जो द्यायचा बाकी आहे तो ‘देणेकरी’. मिळालेली देणगी आणि फेडायचे ऋण यांना एकच शब्द. ताळेबंदात मात्र आम्ही दुसऱ्या अर्थानेच घेत असू, पहिल्या अर्थाच्या देण्याला तिथे रकाना नाही.

राहिला एक वाक्प्रचार, ‘दत्त म्हणून उभा राहणे’. दत्तात्रेय स्मर्तृगामी, आठवण काढताच येणारे, त्यावरून तो आला असणार. पण वापरतो आपण नको असलेल्या पाहुण्यासाठी. मार्चअखेर ऐन गर्दीत तपासनीस दत्त म्हणून उभे राहत, तेव्हा शाखेत सगळ्यांच्या तोंडी हाच वाक्प्रचार असे, आणि आमच्यातला एक जुना शिपाई, गुरुवार न चुकवणारा, दर वेळी हळूच सुधारून म्हणे, “दत्ताला मध्ये आणू नका साहेब, त्याला निदान बोलवावं तरी लागतं.”